किपासएक्ससी फायरफॉक्सला जोडलं जात नसेल तर
उबुंटू २२.०४ (लिनक्सवर चालणारी संगणक प्रणाली) वर फायरफॉक्स ब्राउझरमध्ये किपासएक्ससी या पासवर्ड जपून ठेवणाऱ्या प्रोग्रामचं प्लगइन (जोड-भाग) बसतं, पण पासवर्डच्या डेटाबेसशी जोडलं जात नाही, असं तुम्ही म्हणता. ते काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला काहींनी तुम्हाला दिला आहे, पण माझ्या मते दोष प्लगइनमध्ये नाहीच.

२२.०४ पासून उबुंटू फायरफॉक्स फक्त स्नॅप स्वरूपात देतं, म्हणजे बाकी प्रणालीपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज. स्नॅप बंदिस्त असल्याने ब्राउझरला बाहेरचा प्रोग्राम थेट सुरू करता येत नाही, आणि हे प्लगइन नेमकं त्यावरच चालतं. आधी सगळे अपडेट घ्या. फायरफॉक्स स्नॅपच्या पुढच्या आवृत्त्यांत पोर्टलमार्फत, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामशी परवानगीने बोलण्याच्या वाटेने, ही सोय आली आहे. किपासएक्ससीच्या सेटिंगमध्ये ब्राउझर इंटिग्रेशनखाली फायरफॉक्सवर खूण हवीच.

तरीही जमलं नाही तर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या एपीटी रिपॉझिटरीतून (उबुंटूचं एपीटी हे साधन जिथून प्रोग्राम उतरवतं तो साठा) डेब पॅकेज, म्हणजे स्नॅपसारखं बंदिस्त नसलेलं नेहमीचं पॅकेज, घ्या. इथे एक गोम आहे. उबुंटूकडेही 'फायरफॉक्स' नावाचं डेब आहे, पण ते फक्त स्नॅपच ओढून आणतं, आणि त्याचा आवृत्ती क्रमांक वरचढ ठरतो. म्हणून एपीटीच्या सेटिंगमध्ये मोझिलाच्या रिपॉझिटरीला १००० प्राधान्य द्या, नाहीतर स्नॅप परत येईल. आणि कृपा करून स्नॅप काढण्याआधी तुमच्या होम फोल्डरमधल्या स्नॅप फोल्डरातल्या फायरफॉक्स प्रोफाइलची (तुमच्या सगळ्या माहितीच्या फोल्डरची) प्रत घ्या, बुकमार्क तिथेच असतात.