केळ्याचा वास आणि दोन बोटं फेस

बिनगाळीव
परवा इथेच एकाने लिहिलं: "क्राफ्ट बिअर म्हणजे केळ्याचा इसेन्स घालून चौपट भावात विकलेलं पाणी. पिणारे चार घोट हुंगतात आणि फोटो काढतात. खरी बिअर एकच: बाटलीतली, स्ट्राँग, बर्फगार." त्यावर टाळ्याही पडल्या. म्हणून हे लांबण.

केळ्यापासून सुरू करू. गव्हाच्या बिअरला, म्हणजे हेफेवायझनला, केळ्या-लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे. आंबताना तयार होतो. टाकीत केळंही नसतं आणि लवंगही. बेल्जियन विट या गव्हाच्याच बिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखर घालतात, बोंब मारायचीच तर तिथे मारा. आणि बर्फगार म्हणाल तर इतकं गार प्यायल्यावर जिभेला काही कळत नाही. कळू नये हीच तर त्या बाटलीची सोय आहे.

२००९ मध्ये पुण्यात डूलाली निघालं, जागेवरच क्राफ्ट बिअर बनवून विकणारं. त्यानंतर कधीतरी माझ्याच टेबलावरच्या एकाने "खाली गाळ आहे, बदलून आणा" म्हणून वायझनचा ग्लास परत पाठवला होता. तो गढूळपणा म्हणजे यीस्ट आणि गव्हातली प्रथिनं. आज तोच गृहस्थ स्वच्छ दिसणारी बिअर आली की नाक मुरडतो. चव शिकावी लागते, एवढंच. छोटे ग्लास मागवा, फिक्या रंगापासून सुरू करा, कडू आयपीए (इंडिया पेल एल) शेवटी ठेवा. ती आधी प्यायलात तर पुढचं सगळं मातीमोल.

सदाशिवपेठी
एवढं लिहिलंत, भावाबद्दल चकार शब्द नाही! वास यीस्टचा असो नाहीतर अत्तराचा, ग्लास भरून का देत नाहीत ते सांगा. मध्यंतरी भाच्याने बाणेरला नेलं होतं. ३३० मिलीचा ग्लास, वर दोन बोटं फेस. मी ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला नाही. फेस बसू दिला, मग वेटरला सांगितलं, आता काठापर्यंत भर. तो हसला. मॅनेजर आला, तोही हसला. भाचा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. पैसे बिअरचे घेता, हवेचे नाही.

हॉप्सवेडा
काका, फेस म्हणजे फुकटची हवा नव्हे. वास त्यातूनच वर येतो. वायझनला तर जाड फेस हवाच. जर्मनीत बिनफेसाचा ग्लास कुणी हातात घेणार नाही. १५१६ पासून शुद्धतेचा कायदा आहे त्यांच्याकडे. आणि आपल्याकडे? बिअरमध्ये कोकम, मीठ! उद्या फोडणी द्याल.

सदाशिवपेठी
म्हणजे मी फेसाचे पैसे द्यायचे, वर तुमचं व्याख्यानही ऐकायचं. उंटावरून शेळ्या हाकू नका. बिल तुम्ही भरलं नव्हतं.

इसारकाठचा
म्युनिकहून लिहितोय, कारण आमचं नाव फुकट घेतलं जातंय. १५१६ च्या बव्हेरियन आदेशात बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच आहे. गहू नाही! म्हणजे हॉप्सवेडा यांची लाडकी वायझनच त्यात बसत नव्हती. ती ठराविक घराण्यांना सवलत म्हणून बनवता यायची, आणि १६०२ मध्ये इथल्या ड्यूकने तो मक्ता स्वतःकडे घेऊन बक्कळ पैसा केला. मिठाचं म्हणाल तर गोझ ही खारट-आंबट बिअर लाइपझिगला आजही मिळते, धने घातलेली. पुण्याच्या ग्रेट स्टेट ब्रुअरीची सॉल्टेड कोकम एल त्याच जातकुळीतली, आणि मला विचाराल तर उन्हाळ्यात फारच झकास.

आता फेस. इथे ग्लासवर अर्ध्या लिटरची रेघ असते. बिअर रेघेपर्यंत, फेस रेघेच्या वर. ऑक्टोबरफेस्टमध्ये मापात मारतात म्हणून त्याविरुद्ध चक्क एक संघटना आहे.

सदाशिवपेठी
संघटना!! वाचताय ना, हॉप्सवेडे? आणि इकडे माझ्यावर हसत होते. ग्राहक पंचायतीला उद्याच पत्र टाकतो.

हॉप्सवेडा
बरं, जितलात. सत्यनारायण घाला. रेघेचा ग्लास आला की भाव वाढेल, मग त्यावर वेगळा धागा काढा. तसंही तुम्हाला आठ टक्के अल्कोहोलवालीच हवी असते, चवीशी काय देणंघेणं?

सदाशिवपेठी
माझ्या टक्क्यांची उठाठेव करू नका. आमच्या वेळी गच्चीवर एक बाटली चौघांत जायची, तीही स्टीलच्या पेल्यात. चव होती की नाही ते तुम्ही नका शिकवू.

फोंडेकार
तुम्ही रेघा मोजत बसा. आमच्याकडे गोव्यात उन्हाळ्यात उर्राक येतो. काजूच्या बोंडूंचा रस आंबवून पहिल्यांदा गाळलेला, परत गाळला की फेणी. वर लिम्का, मीठ, लिंबू आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मोसम संपला की विषय संपला. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तुमच्या लेखी ती गावठी. कारण शेजारचा काका ती मिनरल वॉटरच्या बाटलीतून आणून देतो आणि त्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेला मेन्यू नसतो.

पाचरुपये
माप, फेस, मिरची, सगळं ठीक. पण इथे महाराष्ट्रात कायद्याने एका ग्लासालाही परवाना लागतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, एका दिवसाच्या परवान्याला पाच रुपये. तुमच्यापैकी किती जणांनी काढलाय?

हॉप्सवेडा
घ्या. आता हेच राहिलं होतं.

बिनगाळीव
विषय चवीचा होता. तीनदा वाचलं, वासाबद्दल एखादी ओळ सोडली तर कुणी काही लिहिलेलं नाही. फेसावर मात्र महाभारत. सदाशिवपेठी, रेघेचं तुमचं म्हणणं रास्त आहे, छापील मेन्यूत मिली लिहितात तर ग्लासवर रेघ मारायला काय होतं? पण भाच्याबरोबर परत जाल तेव्हा फेस बसायची वाट बघू नका. आल्या आल्या ग्लासात नाक घाला, केळं येतं का बघा.

सदाशिवपेठी
बघतो. हुंगायचे वेगळे पैसे लावत नसतील तर.