मॉफेट फील्डच्या जुन्या इमारतीत ऑफिस, टेबलाशेजारी स्टीलचा गोळा

मेथीची_जुडी:
नमस्कार मंडळी. माझं ऑफिस कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला, मॉफेट फील्ड या जुन्या हवाई तळावर, नौदलाच्या एका जुन्या इमारतीत आहे. खिडकीतून हँगर वन, तिथली ती अवाढव्य विमानशाळा, दिसते. सोमवारी दोन माणसं आली आणि माझ्या टेबलाशेजारी चकचकीत स्टीलचा गोळा ठेवून गेली. छोट्या कळशीएवढा, वर मीटर, सुई उणे तीसच्या आसपास. "हवेचा नमुना घेतोय, हात लावू नका," एवढंच बोलले. संध्याकाळी येऊन घेऊन गेले. चौकशी केली तर बिल्डिंगवाल्यांनी भलीमोठी पीडीएफ पाठवली: सुपरफंड (प्रदूषित जागा साफ करायचा इथल्या सरकारचा कार्यक्रम), पाच वर्षांनी होणारा आढावा, टीसीई नावाचं कसलंसं रसायन. मला पाचवा महिना चालू आहे. त्या पीडीएफमध्ये उपाययोजना "अल्पकाळापुरती संरक्षक" असं लिहिलंय. अल्पकाळ म्हणजे किती? माझे उरलेले चार महिने त्यात बसतात का? नळाचं पाणी प्यावं का? सासूबाई नाशिकहून यायच्यात, त्यांच्या कानावर यातलं काही जायला नको.

सनीवेलचा_पंत:
अभिनंदन! उगाच घाबरू नका, तिथे हजारो लोक काम करतात. पाण्याचं म्हणाल तर इकडचं बरंचसं पाणी "हेच हेची" नावाच्या धरणाचं, थेट सिएराच्या डोंगरांतून येणारं.

विहिरीकाठी:
पंत, हजारो लोक काम करतात हे काही उत्तर नव्हे.

मेथी, तुला अगं-तुगं करतो, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी आधी मराठवाड्यात विहिरींची पातळी मोजायचो, मग इथे पंचवीस वर्षं असेच आढावे वाचण्यात आणि लिहिण्यात गेली. आधी पाणी. पंतांचं बरोबर आहे, दूषित आहे ते वरच्या थरातलं भूजल, ते कुणी पीत नाही. तुझा प्रश्न पाण्याचा नाही, हवेचा आहे.

टीसीई म्हणजे यंत्रांचं ग्रीस काढायचं द्रावण. हा तळ १९३३ चा. विमानांची देखभाल, आणि ८८ नंबरच्या इमारतीत नौदलाची लाँड्री, तिथे ड्रायक्लीनिंगचं पीसीई. पीसीई जमिनीत तुटत जातं तेव्हा त्याचंही टीसीई होतं. शिवाय १०१ हायवेच्या दक्षिणेला चिप बनवणाऱ्या कारखान्यांचं सांडलेलं होतंच. भूजल उत्तरेला खाडीकडे वाहतं, तेव्हा तेही हायवेखालून येऊन यात मिसळलं. कुणाचं किती, यावर वकिलांची घरं चालली.

हे द्रावण पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. खाली बसतं आणि चिकणमातीत मुरतं. माठाला रॉकेलचा वास लागला की कितीही वेळा धुवा, पाणी भरलं की वास पुन्हा वर येतोच, तसं. नौदलाचे पंप १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पाणी उपसून स्वच्छ करताहेत, तरी चिकणमाती थोडंथोडं सोडतच राहते. आणि त्याची वाफ मातीतून वर येते, फरशीच्या भेगांतून, जुन्या पाइपांच्या भोकांतून खोलीत शिरते. तो गोळा त्यासाठीच. आतून हवा काढून टाकलेली असते, दिवसभर तो सावकाश श्वास घेतो.

आता तुझं वाक्य. प्रदूषण जागेवर उरलं असेल तर कायद्याने दर पाच वर्षांनी आढावा घ्यावा लागतो. इथे तो नौदल लिहितं आणि ईपीए, म्हणजे इथलं केंद्र सरकारचं पर्यावरण खातं, तपासतं. "अल्पकाळापुरती संरक्षक" याचा अर्थ: आज ते माणसांपर्यंत पोचतंय असं दिसत नाही, पण पुढे तसंच राहावं म्हणून काही कामं बाकी आहेत. महिने मोजायचा तो शब्दच नाही. जमीन स्वच्छ झाली असाही त्याचा अर्थ नाही. (मीही असली वाक्यं लिहिलीत. सगळ्यांना सही करता येईल अशी असतात.)

म्हणून ती पीडीएफ मिटव आणि तुझ्या खोलीचा आकडा माग. २०१० मध्ये ईपीएने इथल्या घरांसाठी हवेतल्या टीसीईची मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम ठरवली, ऑफिसांसाठी ५. पण ५ हा वर्षानुवर्षं काम करणाऱ्याचा हिशोब. गरोदरपणात भीती वेगळी असते, बाळाच्या हृदयाची, आणि तिथे थोडे दिवसही मोजतात. निकाल येईपर्यंत घरून काम माग, लेखी माग, आणि डॉक्टरला "टीसीई" हा शब्द सांग.

रात्रपाळी:
काका म्हणतात ते खरं. आमच्या इमारतीत आकडा जास्त आला तेव्हा फरशीखालून पाइप काढून गच्चीवर पंखा बसवला, खालची हवा ओढून वर सोडतो. सतत घुर्रर्र. वरच्या मजल्याच्या मीटिंग रूममध्ये कुणी बसत नाही. पण नंतरचा आकडा एकदम खाली आला.

मेथीची_जुडी:
काका, मेल केली. मॅनेजर म्हणाला, "अहवालात सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, अहवाल जमिनीचा आहे, मला माझ्या खोलीचा कागद हवाय. उद्यापासून घरून काम. प्रयोगशाळेचा निकाल यायला दोनेक आठवडे लागतील म्हणे.
सासूबाईंना मात्र कळलंच. नवऱ्याने फोनवर बोलताना स्पीकर लावला होता.

विहिरीकाठी:
निकाल आला की आकडा इथे टाक. आणि तो गोळा खोलीत होता तेव्हा हवा खेळवायची यंत्रणा चालू होती की बंद, तेही विचारून ठेव.