गोरा नेता स्पॅनिश बोलला की टाळ्या, मेक्सिकन मजूर बोलला की आठ्या. असं का?

सिडकोची_सई

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. आमचा बराच माल मेक्सिकोला जातो, म्हणून सध्या स्पॅनिश शिकतेय. मध्यंतरी तिकडचे पाहुणे आले होते. साहेबांनी मला मुद्दाम पुढे केलं. मी स्वागताची चार वाक्यं म्हटली आणि मीटिंग रूममध्ये टाळ्या! नंतर चहा पिताना त्यातल्या एकाने सांगितलं, की त्याचा भाऊ टेक्ससमध्ये बांधकामावर आहे आणि दुकानात रांगेत असताना बायकोचा फोन आला तर उचलतच नाही. का, तर मागचा कोणीतरी "इंग्लिशमध्ये बोल" म्हणून अंगावर येतो.

तेव्हापासून अमेरिकन नेत्यांच्या स्पॅनिशबद्दल वाचतेय. व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन घ्या. हार्वर्डमध्ये कायदा शिकताना मध्येच सुटी घेऊन ते होंडुरासला जेझुइट पाद्र्यांकडे शिकवायला गेले, तिथे भाषा उचलली. २०१३ मध्ये स्थलांतराच्या विधेयकावर त्यांनी सिनेटमध्ये अख्खं भाषण स्पॅनिशमध्ये केलं. तिथे असं पहिल्यांदाच घडलं म्हणून केवढं कौतुक. उलट हुलियान कास्त्रो. सॅन अँटोनियोचे माजी महापौर, आजी मेक्सिकोहून आलेली, पण यांना स्पॅनिश सफाईने येत नाही. त्यावरून टोमणे खातात, की हा कसला लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा! २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मायामीला डिबेट झाली, तिथे टेक्ससचे माजी खासदार बेटो ओरूर्क पहिल्याच उत्तरात स्पॅनिशमध्ये शिरले, तेव्हा त्याच मंचावर कास्त्रोही होते. आयरिश आडनावाचा माणूस फाडफाड बोलतोय, आणि ज्याच्या घरची भाषा तो चाचपडतोय.

मला वाटतं, ज्याचं त्या भाषेवाचून काही अडत नाही त्यालाच शाबासकी मिळते. ज्याला तिच्याशिवाय इलाज नाही त्याला ती लपवावी लागते. पटतं का? की मी उगाच फार ताणतेय?

पिंपळगाव_बागायतदार

ताणतेयस. 🙂 तुझं गणित जेब बुशपाशी अडतं. माणूस गोरा, राष्ट्राध्यक्षांच्या घरातला, बायको मेक्सिकन, स्पॅनिश अस्खलित. २०१५ मध्ये दोघेही रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे असताना ट्रम्पनी त्याला नेमकं त्यावरूनच धरलं, की या देशात इंग्लिश बोलतात, स्पॅनिश नाही. आणि काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्याच पक्षाच्या डिबेटमध्ये रुबिओ म्हणाले की क्रूझना (दोघेही क्यूबन वंशाचे उमेदवार) स्पॅनिश येत नाही, तर क्रूझनी तिथल्या तिथे मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये उलट उत्तर दिलं. म्हणजे येणं हाही गुन्हा, न येणं हाही गुन्हा. भाषेचा भाव द्राक्षासारखा आहे, समोर गिऱ्हाईक कोण उभं आहे त्यावर ठरतो. दिल्लीचा नेता आपल्याकडे सभेला आला की सुरुवातीची दोन वाक्यं मराठीत म्हणतोच ना? पुढचं सगळं हिंदीत. मैदान त्या दोन वाक्यांवर खूश.

बागलाणकर_गुरुजी

सईताई, तुमचं बरोबर आहे. बागायतदारांनी पुढाऱ्यांचं सांगितलं, पण टोमणे खाणाऱ्याचं राहिलंच.

टेक्ससमध्ये मार्फा नावाचं गाव आहे. तिथे मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी ब्लॅकवेल शाळा होती. शाळेत स्पॅनिश बोललं की फळीचा मार. १९५४ मध्ये तर शिक्षकांनी मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश लिहून घेतलं, त्या चिठ्ठ्या खोक्यात घातल्या आणि झेंड्याच्या खांबाजवळ खड्डा करून पुरल्या. 'मिस्टर स्पॅनिश'चा अंत्यविधी! आता ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, २०२२ मध्ये तसा कायदा झाला. ज्यांनी तो मार खाल्ला त्यांनी आपल्या पोरांना घरात इंग्लिशच शिकवलं. कास्त्रोंनी स्वतः हेच सांगितलंय, की आजी-आईच्या काळात स्पॅनिशकडे हलकी भाषा म्हणून बघत. म्हणजे आधी भाषा सोडा म्हणून मारलं आणि नातू उभा राहिला तर विचारतात, भाषा कुठे गेली? हे मला फार लागतं.

लागतं, कारण मी सटाणा तालुक्यातला. घरात चोवीस तास अहिराणी. तिसरीत असताना निबंधात मी 'माझा बैल'ऐवजी 'मना बैल' लिहिलं. गुरुजींनी वही हातात धरून ती ओळ सगळ्या वर्गाला वाचून दाखवली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वर्ग खदाखदा हसला. हसणारा प्रत्येक जण घरी जाऊन 'मना'च म्हणणारा! मी पुढे मराठी शिकवण्यातच नोकरी काढली. इथे गंगापूर रोडला राहायला आल्यावर आमच्या घरातून अहिराणी कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. नातू आता मोबाइलवर अहिराणी गाण्यांवर नाचतो. गावाकडून चुलतभावाचा फोन आला, "काय करी ऱ्हायना रे?" की मी उठून गॅलरीत जातो. सून काही म्हणत नाही हो. पाय आपोआप वळतात.

आणि बाहेरचा पुढारी सटाण्याच्या सभेत "बरं शे ना?" म्हणाला की शिट्ट्या पडतात. त्याला कोणी वही वाचून दाखवली नव्हती.

देवळाली_टू_डॅलस

गुरुजी, नमस्कार. इथे राहून रोज बघते ते सांगते. आमच्या भागात शाळेचे दोन भाषांचे वर्ग आहेत, अर्धं शिक्षण स्पॅनिशमध्ये. तिथे प्रवेशासाठी गोऱ्या आईबापांची धावपळ बघावी! मुलाचा मेंदू तल्लख होतो, पुढे नोकरीला बरं पडतं वगैरे. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये लोकांनी मतदान करून स्थलांतरितांच्या मुलांचं मातृभाषेतलं शिक्षण जवळपास बंद पाडलं होतं, ते २०१६ मध्ये पुन्हा मतदानानेच उठवलं. माझ्या ऑफिसची सफाई करणारी बाई मात्र लेकीशी फोनवर इंग्लिश बोलते. आईला तीन वाक्यांच्या पुढे जाता येत नाही, लेक तिकडून चिडते. मी समोर असते तेव्हा कुठे बघावं कळत नाही.

मार्च २०२५ मध्ये ट्रम्पनी इंग्लिश ही अधिकृत भाषा असल्याचा आदेश काढला. त्याआधी देशाला अशी अधिकृत भाषाच नव्हती. घरात स्पॅनिश बोलणारे इथे चार कोटींच्या वर आहेत. त्याच वर्षी स्पॅनिशमध्ये गाणाऱ्या पोर्तो रिकोच्या बॅड बनीला सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतराचा कार्यक्रम मिळाल्याचं जाहीर झालं तर काय गदारोळ! पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत हे निम्म्यांच्या गावीही नसावं. तो पठ्ठ्या टीव्हीवर म्हणाला, चार महिने आहेत, शिकून घ्या. मला आवडलं ते.

आणि पोप लिओ! शिकागोचा माणूस, मे २०२५ मध्ये निवड झाल्यावर गॅलरीत आला, इटालियनमध्ये बोलता बोलता पेरूमध्ये आधी जिथे बिशप होता त्या चिक्लायोच्या लोकांना स्पॅनिशमध्ये नमस्कार केला. इंग्लिश चकार शब्द नाही. माझ्या ऑफिसात दोघे यावरून रुसले होते, खरंच.

पिंपळगाव_बागायतदार

गुरुजी, तुमच्या बैलापुढे मी माघार घेतो. पण स्पॅनिशची इतकीही कीव नको. पेरूमध्ये काय झालं बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथले पंतप्रधान गिदो बेयिदो संसदेत तिथल्या मूळ रहिवाशांच्या क्वेचुआ भाषेत बोलायला लागले. १९७५ पासून तिथे क्वेचुआला मान्यता आहे. तरी खासदारांनी आरडाओरडा केला, की आम्हाला कळेल असं बोला. म्हणजे स्पॅनिशमध्ये. टेक्ससमध्ये जी भाषा मार खाते ती लिमामध्ये छडी घेऊन उभी आहे. आपलंही तेच की. आपण हिंदीच्या नावाने ओरडतो आणि आपल्याच द्राक्षबागेत डिपिंगला (घड औषधात बुडवायला) आलेल्या पेठ-सुरगाण्याच्या बायका आपसात त्यांच्या बोलीत बोलल्या की मुकादम म्हणतो, "नीट बोला गं." मी ऐकलंय.

जाता जाता, स्पॅनिश बोलणारा आपला माणूस कोणालाच आठवला नाही? वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषी शाळेत प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. त्या काही इंग्लिशमध्ये चालल्या नसणार. मेक्सिकोचा प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलंय, आणि २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळाही बसला.

सिडकोची_सई

खानखोजे माहीतच नव्हते! पुढच्या वेळी पाहुणे आले की चार वाक्यांत त्यांचं नाव घालते. गुरुजी, तुमचा फोनचा किस्सा आईला वाचून दाखवला. ती कळवणची आहे. तिने फक्त "हां" म्हटलं आणि भाजी निवडत बसली.

नाशिकरोड_७७

विषय छान चाललाय, पण क्लास कुठला लावलास गं? भाचीला घालायचा आहे. पुण्याला जावं लागतं का?

सिडकोची_सई

नाही, माझा ऑनलाइन आहे. परीक्षा द्यायची असेल तर 'देले' बघ, ए-वन ते सी-टू अशा पायऱ्या आहेत आणि प्रमाणपत्र कायमचं चालतं. 'सिएले' ही दुसरी परीक्षा, तिचं पाच वर्षांनी संपतं. ए-वनपासूनच सुरू करू दे तिला, आमच्या वर्गात दोघांनी थेट ए-टू धरलं आणि क्रियापदांना घाबरून सोडून दिलं.