कोहांगा रेओचा नमुना कोरकू मुलांसाठी चालेल का?

तापीकाठ
धारणी तालुक्यातल्या एका गटासाठी विचारतोय. मुलं घरी कोरकू ही आपली आदिवासी भाषाच बोलतात, शाळा मराठी. पहिली-दुसरीत मुलं गप्प, पुढे वाचन अडतं. न्यूझीलंडमधल्या माओरी या मूळनिवासींच्या ‘कोहांगा रेओ’च्या (भाषेचं घरटं, म्हणजे माओरी बालवाडी) धर्तीवर ३ ते ६ वयोगटासाठी कोरकू बालवाडी काढावी असा प्रस्ताव आहे. त्यांनी नेमकं काय केलं, काय फसलं, आणि इथे मान्यतेचं काय? प्रेरणादायी लेख बरेच वाचलेत, आता तपशील हवेत.

रानवाट
तुमची अडचण माओरींच्या उलटी आहे. १९७० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा अस्खलित माओरी बोलणारे बहुतेक वयस्कच निघाले. मुलांच्या घरात इंग्रजी आली होती. म्हणून १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाताला पहिलं कोहांगा उघडलं. पाच वर्षांखालची मुलं भाषा येणाऱ्या आजी-आजोबांच्या हाती द्यायची आणि आत इंग्रजी बंद. खेळ, जेवण, रागावणं, सगळं माओरीत. भाषेचा वेगळा धडा नाहीच.

तुमच्या मुलांना कोरकू येतेच. त्यांना त्या भाषेत वाचन-गणित हवंय. तेव्हा घ्यायचा तर पुढचा टप्पा घ्या, ‘कुरा काउपापा माओरी’, म्हणजे माओरी माध्यमाची शाळा. कोहांगातली मुलं पाचव्या वर्षी इंग्रजी शाळेत गेली की माओरी झपाट्याने सुटायची. त्यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये पश्चिम ऑकलंडच्या होआनी वाइतिती मराएवर (माओरी समाजाच्या सभास्थानी), सरकारी व्यवस्थेबाहेर, पहिली कुरा सुरू झाली. कायद्यात जागा मिळायला १९८९ उजाडलं.

कोरकू पालक मुलांशी हिंदी-मराठी बोलायला लागलेत अशा वस्तीत मात्र कोहांगाच हवं. दोन्ही प्रकारच्या गावांना एकच आराखडा लावू नका.

दोनओळी
वरच्या मुद्द्याला पुरवणी. माओरी माध्यमाचे वर्ग अध्यापनाच्या वेळेवरून मोजतात: पातळी १ म्हणजे ८१ ते १०० टक्के वेळ माओरीत, पातळी २ म्हणजे ५१ ते ८०, पातळी ३ म्हणजे ३१ ते ५०. तिथल्या अभ्यासकांचा निष्कर्ष असा की निम्म्याखाली गेलं की फारसं हाती लागत नाही, आणि मूल त्या माध्यमात किमान ६, शक्यतो ८ वर्षं टिकायला हवं. आपल्याकडे पहिलीला द्वैभाषिक पुस्तिका वाटतात आणि दुसरीपासून सगळं मराठी. मग कोरकू वाचन पक्कं होत नाही आणि मराठीही नाही.

दुसरी भाषा ‘आपोआप येईल’ हा समज काही कुरांनाही नडला. ती नेमून शिकवावी लागते. बऱ्याच कुरांत इंग्रजी उशिरा, वेगळ्या शिक्षकाकडे आणि वेगळ्या खोलीत असते. तुम्ही मराठी तोंडी पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास ठेवा. मराठी लेखन कोरकू वाचन सुटसुटीत झाल्यावर, साधारण तिसरीला. एकच ताई प्रत्येक मराठी वाक्यामागून कोरकू सांगत गेली, तर मुलं कोरकूची वाट बघतात आणि मराठीकडे कानच देत नाहीत.

देवनागरी वापरलीत तर अक्षरं दोनदा शिकवावी लागणार नाहीत. मराठीत नसलेले कोरकू ध्वनी कसे लिहायचे, ते छपाईआधी ठरवा.

कलमदान
पैसा आणि कायदा. कोहांगांना आधी माओरी व्यवहार विभागाचा पैसा होता, कारभार कुटुंबांचा. १९९० मध्ये ती शिक्षण मंत्रालयाकडे गेली. बालवाड्यांचे सरसकट नियम लागू झाले आणि निधीचा कल प्रशिक्षित शिक्षक असलेल्या केंद्रांकडे गेला. भाषा येणारी पण पदविका नसलेली आजी कागदावर कमी दर्जाची ठरली. २०१२ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणाने (माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था) या निधीरचनेवर ठपका ठेवला. तेव्हा अनुदान स्वीकारण्याआधी कोरकू बोलणाऱ्या वयस्कांचं पद आणि मानधन करारात लिहून घ्या.

शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वयासाठी. बालवाडीला कलम १८ ची मान्यता लागत नाही, पहिलीचा वर्ग उघडलात की लागते. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभांनी काढलेली गोंडी शाळा याच मान्यतेवर अडली. त्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेतच कोरकू तुकडी मागा. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात (कलम २१). त्यांचा ठराव करून याच कायद्याचं कलम २९ आणि संविधानाचा अनुच्छेद ३५०अ (भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत) यांचा आधार घ्या. कलम २९ मध्ये ‘शक्य तिथवर’ मातृभाषा आहे, त्याच दोन शब्दांवर अर्ज फेटाळतात. म्हणून कोरकू येणारा शिक्षक किंवा स्वयंसेवक आणि तयार साहित्य यांची यादी अर्जालाच जोडा.

तापीकाठ
तुकडीचा मार्ग पटला. पण शाळेतल्या गुरुजींना कोरकू येत नाही.

रानवाट
त्यासाठी ‘ते आताआरांगी’ची पद्धत बघा, १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रौढ माओरींसाठी सुरू झालेली. रंगीत कांड्या टेबलावर ठेवून ‘लाल घे’, ‘निळीवर ठेव’ इथून सुरुवात. वर्गात इंग्रजी बोलायचं नाही आणि शेजाऱ्याला उत्तर सुचवायचं नाही. दुसरा नियम सगळ्यात जास्त मोडतो, कारण हुशार माणसाला गप्प बसवत नाही. शिकवायला गावातलीच कोरकू बाई बसवा, शाळा सुटल्यावर, गुरुजी आणि अंगणवाडी सेविका एकत्र. कांड्या विकत घ्यायची गरज नाही: सुताराकडून १ सेंमी चौरस जाडीच्या, १ ते १० सेंमी लांबीच्या कापून घ्या, प्रत्येक लांबीला वेगळा रंग. त्याच पुढे पहिलीच्या गणिताला चालतात.