आजीची एक सवय सांगा

आमच्या आजीनं गेल्या महिन्यात नव्वदी ओलांडली. डोळ्यांना कमी दिसतं, पण तांदूळ मोजायला अजून तीच लागते. चिपट्यानं मोजून पातेल्यात घालते आणि धुवायच्या आधी त्यातली एक मूठ परत डब्यात टाकते. लहानपणी मला वाटायचं, देवाचं काहीतरी असेल. परवा विचारलं तर म्हणाली, "तेरा माणसं खायाला. सासूबाई मापून द्यायच्या, मी मूठ मागं टाकायची. आठवड्याचं एक येळचं भागायचं त्यात. सासूबाईस्नी ठावं हुतं, पर बोलल्या न्हाईत कधी." आता घरात आम्ही चौघं आणि पंचवीस किलोचं पोतं. मूठ चालूच आहे.

तर धागा यासाठी. "आजीनं फार सोसलं" एवढंच नको, ते सगळ्यांच्याच आज्यांनी सोसलंय. एक सवय सांगा, आणि ती कुठनं आली तेही.

*

मी प्रयाग चिखलीचा. आषाढ लागला की आमची आज्जी रेशनकार्ड, सातबारा आणि आजोबांचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकते. 1989, 2005, 2019, 2021, सगळे पूर बघितलेत तिनं. पण सवय ती नव्हे. सवय म्हणजे गाठ. जनावराच्या दाव्याला ती निरगाठ मारू देत नाही, सुरगाठच पाहिजे. एका हिसक्यात सुटली पाहिजे, अंधारात, पाण्याखाली हात घालूनसुद्धा. सुटलेली म्हैस पोहत माळाला लागते, बांधलेली जागेवर मरते. 89 ला तिची एक गाभण म्हैस दाव्याला बांधूनच गेली. निरगाठ कुणी मारली होती ते आज्जीनं आजवर सांगितलेलं नाही. 2019 ला बोट दारात आली तरी चढेना, "आधी दावी सोडा" एवढंच. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या बायकोला चहा-पोह्यांच्या आधी ही गाठ शिकवलीय. ती पुण्याची. आता माझ्यापेक्षा भारी मारते.

*

आजोबा शाहू मिलमध्ये होते. घरात घड्याळ नव्हतं. पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, पुढच्या भोंग्याला डबा दारात. मिल बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी "आजी, कधी जेवलीस?" म्हटलं की "भोंग्याला".

*

माझ्या आजीचं माहेर आणि सासर दोन्ही आटपाडीकडचं. 1972 च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, माझे बाबा पाठीशी बांधलेले. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला तांबडा मिलो, म्हणजे बाहेरदेशातनं आलेली लाल ज्वारी. पुढं सगळे कोल्हापुरात आले, उसाच्या मुलखात. आजी आजही नाचणीच्या भाकरीला हात लावत नाही, रंग बघूनच ताट सरकवते. डॉक्टरांनी नाचणी खा म्हणून सांगितलं तर त्यांनाच म्हणाली, "तुम्ही खावा." हसू येतं, पण तिच्या डाव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. हातोडा चुकलेला.

*

11 डिसेंबर 1967. कोयनेचा भूकंप, पहाटेचा. आजीच्या उशाशी फळीवरचा तांब्याचा हंडा आदळला, वीतभर अंतरावर. तेव्हापासून आमच्या घरात कुणाच्याही डोक्यावर फळी नाही. नव्या फ्लॅटमध्ये पलंगावर कपाट करून घेतलं होतं, तिनं एक रात्र बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं.

*

आमची आजी काहीच सांगत नाही. विचारलं की, "काय उगाळायचं त्यात, चहा पी." पण तिच्या वाकळा आहेत. लुगडं मधे विरलं की फाडून धडके काठ एकत्र शिवायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. दंडाचंही लुगडं विरलं की त्याची वाकळ. एका वाकळेत मला हिरवं, किरमिजी आणि एक पांढरं लुगडं सापडलं. पांढरं कुणाचं म्हणून विचारलं. चहा पी म्हणाली.

*

धागा काढणारा मीच. आजीला सगळं वाचून दाखवलं. भोंग्याला हसली. मिलोचं ऐकून म्हणाली, "घशाखाली उतरायचा न्हाई मेला." चिखलीच्या म्हशीला मात्र गप्प बसली. रात्री अंथरूण घालताना अचानक विचारलं, "गाभण हुती न्हवं?"

अजून येऊ द्या.