उत्तर येण्यापूर्वीचे दिवस : परमेश्वराची वाट पाहण्याचे अनुभव

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष दिली जाते ती बहुतेक वेळा प्रार्थनेचे उत्तर मिळाल्यानंतर. नोकरी लागली, आजार बरा झाला, दुरावलेला मुलगा घरी परतला, की माणूस उभा राहून देवाचे आभार मानतो. त्याआधीची वर्षे त्याने कशी काढली, हे मात्र एका वाक्यात आटोपते. या धाग्यात त्याच वर्षांविषयी लिहावे, अशी विनंती आहे. उत्तर मिळाले की नाही, हे सांगितले नाही तरी चालेल.

•

आमच्या लग्नाला 14 वर्षे झाली आणि आम्हाला मूल नाही, हे आधीच सांगते, म्हणजे शेवटाची उत्सुकता राहणार नाही. या काळात भेटणाऱ्या प्रत्येकाने मला बायबलमधल्या अब्राहामाची म्हातारपणी आई झालेली पत्नी सारा हिचे उदाहरण दिले. देवाच्या सांगण्यावरून निघाला तेव्हा अब्राहाम 75 वर्षांचा होता आणि त्यांचा मुलगा इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा, हे आकडे मला पाठ झाले; परंतु मधल्या 25 वर्षांत काय घडले, ते कोणी सांगत नसे. कनान देशात 10 वर्षे काढल्यावर सारेचा धीर सुटला आणि तिने आपली दासी हागार नवऱ्याला दिली. त्या घाईची किंमत पुढे हागारेला आणि तिच्या मुलाला रानात भटकून मोजावी लागली. हे नीट वाचले, तेव्हा सारा मला प्रथमच आपली वाटली. माझी प्रार्थनाही सौद्याचीच झाली होती : इतके उपास केले, आता तरी दे.

पुढे एका रात्री बायबलमधले 13 वे स्तोत्र वाचनात आले. त्याच्या पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. देवाला असे विचारता येते आणि तरीही ती प्रार्थनाच राहते, हे उमगल्यावर सौदा हळूहळू गळून पडला. आता मी रोज पहाटे अर्धा तास काहीही न मागता बसते. सुरुवातीचे काही महिने त्या वेळात घरकामाच्या यादीखेरीज काही सुचत नसे. अजूनही कधीकधी तसेच होते.

•

वरच्या ताईंचे वाचून मला 130 वे स्तोत्र आठवले. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात, त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असे तिथे म्हटले आहे, आणि पहारेकऱ्यांचा उल्लेख लागोपाठ दोनदा आहे. मी परिचारिका आहे. अनेक वर्षे रात्रपाळी केली. पहाटे तीननंतर घड्याळाचा काटा हलता हलत नाही, पण उजाडेल की नाही, अशी शंका कधी येत नाही. उजाडणे माझ्या हाती नसते. सलाइन तपासणे, रुग्णाची कूस बदलणे, कोणी घाबरून जागे झाले तर जवळ बसणे, एवढे असते. पतीचे व्यसन सुटावे म्हणून नऊ वर्षे प्रार्थना केली, तीही मी रात्रपाळी समजूनच केली.

•

मला थोडे उलट बाजूने लिहायचे आहे. संदेष्टा शमुवेल येईपर्यंत सात दिवस थांबायचे असताना शौल राजाने गिलगाल येथे उतावीळपणे होमार्पण केले, हा प्रसंग आपण नेहमी ऐकतो. माझे पाप शौलाच्या नेमके विरुद्ध होते. नोकरी गेल्यावर दोन वर्षे मी ‘परमेश्वराच्या वेळेची वाट पाहतो आहे’ असे सांगत राहिलो आणि एकही अर्ज केला नाही. खरे कारण नकाराची भीती हे होते. पत्नीने एकदा शांतपणे विचारले, “देवाने उत्तर पाठवले तर ते कोणत्या पत्त्यावर येईल?” मला हसू आले नाही.

•

(विनंती करणारा मीच पुन्हा. हा मुद्दा आला, हे बरे झाले. इब्री भाषेत आशेसाठी ‘तिकवा’ हा शब्द आहे आणि बायबलमधल्या राहाब या स्त्रीने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठीही तोच शब्द वापरला आहे. दोरी बांधावी लागते, ती आपोआप लटकत नाही. असो, पुढे लिहावे.)

•

आपला मित्र लाजर आजारी असल्याचे कळल्यावरही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायात आहे. ते दोन दिवस मला अजून उलगडलेले नाहीत. लाजर मेलेल्यातून उठला, माझी आई गेली. पाळकांनी पुनरुत्थानाविषयी सांगितले आणि ते मी मानतोही, परंतु मला आधार वाटला तो येशूच्या मरणाचा उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्या मधल्या शनिवाराचा. त्या दिवसाविषयी शुभवर्तमानकार लूक जवळजवळ काहीच लिहीत नाही : स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथ या पवित्र दिवशी विसावा घेतला, इतकेच. कबर रिकामी सापडेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. त्यांची तयारी मृतदेहासाठी होती. आईला जाऊन दोन वर्षे झाली, तरी मी अजून त्या शनिवारीच आहे. तिच्या पवित्र शास्त्रात यिर्मयाच्या पुस्तकात खुणेची फीत होती. तिथून पुढे मी रोज एक अध्याय वाचतो आणि फीत एक पान सरकवून ठेवतो.