मदत हवी आहे : मास्कमध्ये आभाळासोबत कापूसही पांढरा होतो

जिम्प २.१० (फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर) मध्ये ट्रायपॉडवरून काढलेले दोन जेपेग एकत्र करायचे आहेत. खालच्या लेयरवर उजळ पऱ्हाटी (१/१२५ सेकंद), वरच्यावर गडद आभाळ (१/१००० सेकंद). वरच्या लेयरचा मास्क (पांढरं तिथे तो लेयर दिसतो, काळं तिथे लपतो) निळ्या चॅनलच्या, म्हणजे कुठे किती निळा आहे ते दाखवणाऱ्या करड्या चित्राच्या, कॉपीतून बनवला. पण फुटलेली बोंडं आभाळाइतकीच उजळ, म्हणून मास्कमध्ये तीही पांढरी होतात आणि कापूस राखेसारखा मळका दिसतो. क्षितिजाखाली काळा ब्रश फिरवला, तेवढं वावर सुटलं. अडचण आभाळात डोकावणाऱ्या बोंडांची आहे. लेव्हल्स आवळल्या (मास्कमधला काळा-पांढरा फरक वाढवला) की बारीक फांद्या तुटतात, ग्रेडियंट मास्कनं (पांढऱ्यातून हळूहळू काळा होणाऱ्या) शेंडे काळवंडतात. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) नाही, वेचणी झाली, त्यामुळे फोटो पुन्हा निघणार नाही.

आभाळात निळा लालपेक्षा बराच जास्त, कापसात दोन्ही जवळपास सारखे. मग निळ्यातून लाल वजा करून मास्क बनवावा का? तसं केल्यास क्षितिजालगतचे पांढरे ढगही काळे पडतील, ते कसे राखायचे?